रिकामं ठेवलेलं मैदान

२० एप्रिल १९८८. डेट्रॉईट शहरात मिशिगन अव्हेन्यू आणि ट्रम्बुल अव्हेन्यू जिथं एकमेकांना छेदतात, त्या कोपऱ्यावर हजाराहून अधिक माणसं जमली. त्यांनी एकमेकांचे हात धरले आणि तिथल्या जुन्या बेसबॉल मैदानाच्या भिंतींभोवती साखळी करून ती उभी राहिली. मैदानाला मारलेली मिठी, असंच या कार्यक्रमाला म्हटलं गेलं. टायगर स्टेडियमला त्या दिवशी ७६ वर्षं पूर्ण होत होती, आणि ते सोडून नवं स्टेडियम बांधण्याची बोलणी तिथं खेळणाऱ्या डेट्रॉईट टायगर्स क्लबच्या आणि शहराच्या कारभाऱ्यांत सुरू झाली होती.

२१ सप्टेंबर २००९ रोजी त्याच कोपऱ्यावर त्या इमारतीचा शेवटचा उभा भाग खाली आला. या दोन तारखांच्या मध्ये सह्यांच्या मोहिमा झाल्या, वास्तुविशारदांनी आराखडे काढले, शहरात दोनदा मतदान झालं, न्यायालयानं तात्पुरती मनाई दिली, राष्ट्रीय वारसा यादीत नोंद झाली. जुनी वास्तू वाचवण्यासाठी सामान्य नागरिकांच्या हाती जे असतं, ते जवळजवळ सगळं डेट्रॉईटच्या लोकांनी करून पाहिलं. तरी इमारत गेली. ती का गेली हे नीट समजून घ्यायला हवं. असा वाद प्रत्येक जुन्या शहरात केव्हा ना केव्हा उभा राहतो, आणि पाडकामाची यंत्रं दारात येण्याच्या कितीतरी आधी त्याचा निकाल लागलेला असतो.

दगडांवर पसरलेली माती

ही जागा कॉर्कटाऊनमधली. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातून आलेल्या लोकांनी वसवलेली ही वस्ती डेट्रॉईटमधली टिकून राहिलेली सर्वांत जुनी वस्ती मानली जाते. मैदानाच्या जागी आधी गवताचा बाजार भरे. १८९६ मध्ये बाजाराच्या फरसबंदीवर मातीचा पातळ थर पसरून बेसबॉलचं मैदान तयार केलं गेलं. खालचे दगड अधूनमधून वर डोकं काढत आणि जमिनीवरून येणारा चेंडू कुठेही उसळे. मैदानाला नाव दिलं होतं चार्ली बेनेट यांचं. डेट्रॉईटच्या जुन्या संघाचे ते लाडके कॅचर होते आणि १८९४ मध्ये रेल्वेच्या चाकाखाली सापडून दोन्ही पायांनी अधू झाले होते.

बेनेट पार्कचं बांधकाम लाकडी होतं. कुंपणापलीकडच्या घरमालकांनी आपल्या आवारात उंच मचाणं उभारून तिकिटाशिवाय खेळ दाखवण्याचा धंदा सुरू केला. क्लबनं मध्ये कापडी पडदे टांगून त्यांची नजर अडवायचा प्रयत्न केला. मैदान वस्तीच्या किती आत होतं, हे या भांडणावरून कळतं. गाड्या लावायच्या विस्तीर्ण मोकळ्या जागेत एकटं उभं राहणारं स्टेडियम ही पुढच्या काळातली गोष्ट. इथं मैदानाची भिंत संपली की घरांची रांग सुरू होई.

लाकडी मैदान काढून त्या जागी काँक्रीट आणि पोलादाचं मैदान बांधलं ते फ्रँक नेव्हिन या मालकानं. २३ हजार प्रेक्षकांची सोय, खर्च सुमारे तीन लाख डॉलर. बॅटरच्या डोळ्यांवर मावळतीचं ऊन येऊ नये म्हणून मैदानाची दिशाच फिरवली गेली. पावसानं दोन दिवस लांबलेला पहिला सामना २० एप्रिल १९१२ रोजी झाला. त्याच दिवशी बोस्टनमध्ये फेनवे पार्कही पहिल्यांदा उघडलं. एकाच दिवशी सुरू झालेल्या या दोन मैदानांची गोष्ट पुढे पुन्हा एकत्र येणार आहे.

नेव्हिन फील्ड या नव्या मैदानाचा पहिला राजा टाय कॉब. तो चेंडू हलकेच समोर टाकून धावत सुटे. चेंडू लांब घरंगळू नये म्हणून मैदानाचे कर्मचारी होम प्लेटच्या पुढची, म्हणजे बॅटरच्या पुढ्यातली, जमीन पाण्यानं भिजवून ठेवत. त्या चिखलाला लोक कॉबचं तळं म्हणत. १३ जुलै १९३४ रोजी बेब रूथनं आपला ७००वा होमरन इथंच मारला. पुढच्या वर्षी टायगर्सनी पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच नेव्हिन वारले. २ मे १९३९ रोजी सलग २,१३० सामने खेळलेल्या लू गेरिगनं याच मैदानावर संघातून स्वतःचं नाव काढून घ्यायला सांगितलं. ज्या आजाराला पुढे त्याचंच नाव मिळालं, त्यानं तेव्हा त्याच्या शरीराचा ताबा घ्यायला सुरुवात केली होती.

खांबांचा हिशेब

नेव्हिन यांच्यानंतर मालकी आली वॉल्टर ब्रिग्ज यांच्याकडे. मोटारींचे सांगाडे बनवणारे हे कारखानदार. १९३८ पर्यंत त्यांनी मैदान चारही बाजूंनी दुमजली करून टाकलं आणि प्रेक्षकसंख्या ५० हजारांच्या वर नेली. ट्रम्बुल अव्हेन्यूच्या बाजूला रस्ता आडवा आल्यानं मागं सरकायला जागा नव्हती, म्हणून उजवीकडचा वरचा मजला खालच्या मजल्यापेक्षा दहा फूट पुढे, थेट मैदानावर काढला गेला. खालचा खेळाडू झेलासाठी वाट पाहत उभा असायचा आणि चेंडू त्याच्या डोक्यावर वरच्या मजल्यात पडून होमरन व्हायचा. मधल्या दिशेला सीमेची भिंत ४४० फूट दूर होती, आणि १२५ फूट उंचीचा ध्वजस्तंभ खेळाच्या हद्दीतच उभा होता.

पुढच्या सगळ्या वादात ज्या गोष्टीवर सर्वाधिक बोट ठेवलं गेलं ते म्हणजे खांब. वरचा मजला पोलादी खांबांवर उभा होता आणि त्यामुळे खालच्या हजारो जागांवरून खेळ तुटक दिसे. ही तक्रार खरीच होती. पण त्याच खांबांमुळे वरचा मजला खालच्या मजल्याच्या बरोबर माथ्यावर बसला होता. वर बसलेला माणूस खेळाडूंच्या इतका जवळ असे की पिचर आणि कॅचर यांच्यातले इशारेही त्याला टिपता येत. नव्या स्टेडियममध्ये खांब नाहीत. म्हणून तिथं वरचा मजला मागं आणि उंच न्यावा लागतो, आणि दोन मजल्यांच्या मध्ये महागड्या खासगी कक्षांची रांग येते. जुन्या मैदानात काही जागांवरून कमी दिसायचं, पण स्वस्त जागांवरून जवळून दिसायचं. नव्यात सगळीकडून दिसतं, पण जवळून दिसण्याचे पैसे पडतात. मैदान वाचवू पाहणाऱ्यांनी हा हिशेब बरोबर मांडला होता. गिरणी-कारखान्यातला माणूस पोराबाळांना घेऊन मधल्या बाकांवर थोडक्या पैशांत बसू शकतो, ही त्यांच्या दृष्टीनं त्या इमारतीची मोठी संपत्ती होती.

मैदान कोणाचं

या वैभवाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. ब्रिग्ज यांच्या हयातीत टायगर्सकडून एकही कृष्णवर्णीय खेळाडू खेळला नाही. मोठ्या लीगमधली वर्णभेदाची भिंत मोडत जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये ब्रुकलिनकडून उतरला, आणि डेट्रॉईटच्या संघात ओझी व्हर्जिल आला तो १९५८ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी. सोळा संघांपैकी डेट्रॉईटच्या मागे फक्त बोस्टन उरलं होतं. कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र लीगमध्ये डेट्रॉईट स्टार्सकडून खेळलेला टर्की स्टर्न्स हा त्या काळातला एक श्रेष्ठ फटकेबाज होता. ब्रिग्ज यांच्या कारखान्यात मजुरी करायला त्याला आडकाठी नव्हती, त्यांच्या मैदानावर त्याला जागा नव्हती. ज्या शहरात पुढे कृष्णवर्णीय बहुसंख्य झाले, तिथं या मैदानाची आठवण सगळ्यांच्या मनात सारखी असणं शक्यच नव्हतं.

आणि तरीही ते मैदान हळूहळू सगळ्यांचं झालं. जवळच्याच गरिबांसाठी बांधलेल्या वसाहतीत वाढलेला विली हॉर्टन टायगर्सचा मोठा खेळाडू झाला. २३ जुलै १९६७ च्या रविवारी न्यू यॉर्कच्या यँकीजविरुद्ध लागोपाठ दोन सामने चालू असताना डाव्या भिंतीपलीकडे धूर दिसू लागला. पोलिसांनी बाराव्या रस्त्यावरच्या एका दारूच्या अड्ड्यावर टाकलेल्या धाडीतून शहर पेटलं होतं. हॉर्टन संघाच्या गणवेशातच गाडी काढून त्या रस्त्यावर गेला, गाडीच्या टपावर चढला आणि लोकांना घरी जाण्याची विनवणी करू लागला. पाच दिवसांत ४३ माणसं मेली. पुढच्या वर्षी टायगर्स वर्ल्ड सिरीज जिंकले. पाचव्या सामन्यात, याच मैदानावर, हॉर्टनच्या डावीकडून आलेल्या फेकीवर प्रतिस्पर्धी संघाचा लू ब्रॉक होम प्लेटपाशी बाद झाला आणि मालिका फिरली. एका विजयानं शहराच्या जखमा भरत नाहीत. पण काळे आणि गोरे डेट्रॉईटकर एकाच बाकावर बसून ओरडले, अशा जागा त्या शहरात फार नव्हत्या. २८ जून १९९० रोजी, तुरुंगातून सुटून साडेचार महिने झालेले नेल्सन मंडेला याच मैदानावर हजारोंच्या सभेत बोलले.

आराखडे आणि मतदान

१९७७ मध्ये तेव्हाचे मालक जॉन फेट्झर यांनी मैदान एक डॉलरला शहराला विकलं आणि क्लबसाठी भाड्यानं परत घेतलं. डागडुजीसाठी सार्वजनिक पैसा मिळावा, हा त्यामागचा हेतू. तेव्हापासून इमारतीची मालकी शहराकडे आणि तिचं भवितव्य मात्र क्लबच्या मर्जीवर, अशी विचित्र विभागणी झाली.

१९८७ मध्ये काही चाहत्यांनी टायगर स्टेडियम फॅन क्लब स्थापन केला. मेरीग्रोव्ह कॉलेजात इंग्रजी शिकवणारे फ्रँक रशीद त्यांच्यातले एक. १९८९ मध्ये मैदानाची नोंद ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली. १९९० मध्ये जॉन आणि ज्युडी डेव्हिड्स या वास्तुविशारद दांपत्यानं नूतनीकरणाचा आराखडा मांडला. शेजारच्या रस्त्यावरून तो कॉक्रन प्लॅन म्हणून ओळखला गेला. खासगी कक्ष, रुंद मार्गिका, जास्त स्वच्छतागृहं, हे सगळं जुन्या सांगाड्याला धक्का न लावता सुमारे २ कोटी ६० लाख डॉलरांत करता येईल, असा त्यांचा दावा होता. क्लबनं हा आराखडा कधी गांभीर्यानं घेतला नाही.

क्लबचं म्हणणंही ऐकायला हवं. खेळाडूंचे पगार वाढत होते, आणि बाल्टिमोरसारख्या शहरांत नव्या मैदानांचे खासगी कक्ष क्लबला मोठं उत्पन्न मिळवून देणार होते. मार्गिका अरुंद होत्या, स्वच्छतागृहांपुढे रांगा लागत, चाकाच्या खुर्चीत बसून येणाऱ्याला ते मैदान फार अवघड होतं. गंजलेल्या तुळईला आम्हाला साखळदंडानं बांधून ठेवून स्पर्धा जिंकण्याची अपेक्षा करू नका, अशा आशयाचं भाषण क्लबचे अध्यक्ष बो शेम्बेकलर यांनी १९९१ मध्ये केलं. महापौर कोलमन यंग यांनाही जुन्या इमारतीबद्दल ममत्व नव्हतं. शहर १९५० मध्ये साडेअठरा लाखांचं होतं, १९९० पर्यंत ते जवळपास दहा लाखांवर आलं होतं. ओस पडलेल्या घरांच्या रांगा रोज पाहणाऱ्या कारभाऱ्यांना नवं बांधकाम म्हणजे शहर जिवंत असल्याचा पुरावा वाटे. ही भावना खोटी नव्हती.

१९९२ च्या मार्चमध्ये डेट्रॉईटच्या मतदारांनी नव्या स्टेडियमसाठी शहराचा पैसा वापरू नये असा ठराव मंजूर केला. चाहत्यांचा हा सर्वांत मोठा विजय होता. त्याच वर्षी क्लबची मालकी पिझ्झा उद्योगातल्या टॉम मोनाहन यांच्याकडून त्याच उद्योगातल्या माइक इलिच यांच्याकडे गेली. नवे महापौर डेनिस आर्चर यांनी नव्या स्टेडियमची बाजू घेतली, आणि १९९६ च्या मार्चमध्ये पुन्हा मतदान झालं तेव्हा मतदारांनी मोठ्या बहुमतानं नव्याच्या बाजूनं कौल दिला. सुमारे ३० कोटी डॉलर खर्चून, त्यात सार्वजनिक पैसाही घालून, कोमेरिका पार्क उभं राहिलं.

२७ सप्टेंबर १९९९ रोजी शेवटचा सामना झाला. टायगर्सनी कॅन्सस सिटीला ८–२ असं हरवलं. आठव्या डावात रॉबर्ट फिकनं तिन्ही बेस भरलेले असताना मारलेला चेंडू उजवीकडच्या छपरावर आदळला. मैदानावरचा तो ११,१११वा आणि अखेरचा होमरन. सामना संपल्यावर होम प्लेट खणून काढली गेली आणि वाजतगाजत नव्या स्टेडियमकडे नेली गेली. रेडिओवर अनेक दशकं ज्यांचा आवाज डेट्रॉईटनं ऐकला, त्या अर्नी हारवेल यांनी निरोपाचे शब्द उच्चारले. प्रेक्षक गेले, दिवे मालवले, दारांना कुलपं लागली.

दहा वर्षांचं पाडकाम

माझ्या मते टायगर स्टेडियमचं पाडकाम त्या रात्रीपासून सुरू झालं. क्लब १९९९ च्या अखेरीस जाणार हे आधीपासून ठाऊक होतं. तरीही २००० च्या उन्हाळ्यात त्या मैदानात काय होणार, याचं कोणतंही पक्कं उत्तर शहरानं तयार ठेवलं नव्हतं. छोट्या लीगचा संघ आणणं, स्टँडमध्ये घरं आणि दुकानं काढणं अशा कल्पना एकामागून एक आल्या आणि विरल्या. दरम्यान इमारत सांभाळण्यावर शहराचे दरवर्षी लाखो डॉलर जात राहिले, आणि ते दिसेल अशा कामावर जात नव्हते. रंग उडाला, खुर्च्यांच्या फटींतून झुडपं उगवली, पाणी साठून काँक्रीट फुगलं.

इमारत तेव्हाही वापरता येण्याजोगी होती, याचे दोन पुरावे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. २००० मध्ये बिली क्रिस्टल यांनी रॉजर मॅरिस आणि मिकी मँटल यांच्यावरच्या दूरचित्रवाणी चित्रपटासाठी हेच मैदान रंगवून १९६१ चं यँकी स्टेडियम म्हणून वापरलं. फेब्रुवारी २००६ मध्ये डेट्रॉईटला सुपर बोल झाला तेव्हा एका मद्यकंपनीनं मैदानावर मोठा मंडप घालून मेजवानी दिली. पैसा आणि निमित्त असलं की कुलपं उघडत होती.

दीर्घकाळ रिकाम्या राहिलेल्या इमारतीविरुद्धचा युक्तिवाद तिचा रिकामेपणाच तयार करतो. पहिल्या वर्षी लोक म्हणतात, हिचं काहीतरी करूया. पाचव्या वर्षी म्हणतात, हिचं काही होत नाहीये. आठव्या वर्षी तीच माणसं म्हणतात, ही धोकादायक आहे. यातल्या कुठल्याही टप्प्यावर कुणी पाडण्याचा ठराव केलेला नसतो, पण खर्चाचा आकडा दरवर्षी पाडण्याच्या बाजूला झुकत जातो. डेट्रॉईटमध्ये नेमकं हेच झालं. २००६ मध्ये महापौर क्वामे किलपॅट्रिक यांनी स्टँड पाडून भोवती घरं-दुकानं आणि मधलं मैदान मुलांसाठी ठेवण्याची योजना जाहीर केली. २००७ मध्ये नगर परिषदेनं पाडकामाला मंजुरी दिली. खुर्च्या, फलक, दारं लिलावात गेली.

राष्ट्रीय यादीतली नोंद अशा वेळी काय करते? अमेरिकेत अशा नोंदीनं पाडकाम थांबत नाही. त्या कामात केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना गुंतला असेल तरच वारशाचा विचार बंधनकारक होतो. शहराला आपल्या मालकीची इमारत पाडायची असेल तर तिला अडवू शकेल असं संरक्षण स्थानिक कायद्यातूनच येतं, आणि ते देणारं शहर इथं स्वतःच पाडणारं होतं.

३० जून २००८ रोजी पाडकाम सुरू झालं. कंत्राटदाराचा मोबदला भंगाराच्या विक्रीतून निघणार होता, आणि त्या उन्हाळ्यात पोलादाचे भाव तेजीत होते. ओल्ड टायगर स्टेडियम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेनं निदान १९१२ चा मूळ भाग, एका डगआऊटपासून (खेळाडूंच्या बसण्याच्या जागेपासून) दुसऱ्यापर्यंतचा स्टँड, वाचवण्याची मुदत मिळवली होती. तिथं मुलांचे सामने आणि हारवेल यांच्या संग्रहाचं दालन, असा बेत होता. सेनेटर कार्ल लेव्हिन यांनी त्यासाठी ३८ लाख डॉलरांची केंद्रीय तरतूद मिळवली. पण पूर्ण योजनेला अडीच कोटी डॉलरांहून अधिक हवे होते, आणि सप्टेंबर २००८ मध्ये जगाची अर्थव्यवस्था कोसळली. त्याच महिन्यात किलपॅट्रिक यांनाही गुन्ह्याची कबुली देऊन पद सोडावं लागलं.

पुढचा घटनाक्रम फार वेगानं घडला. १ जून २००९ रोजी जनरल मोटर्सनं दिवाळखोरीचा अर्ज केला. दुसऱ्या दिवशी, २ जूनला, शहराच्या आर्थिक विकास महामंडळानं उरलेला भागही पाडण्याचा निर्णय घेतला. ५ जूनला यंत्रं लागली, त्याच दिवशी कॉन्झर्व्हन्सीनं न्यायालयातून तात्पुरती मनाई मिळवली. ८ जूनला न्यायाधीशांनी ती वाढवायला नकार दिला. शहराच्या एका फार वाईट आठवड्यात, शहराचा स्वतःवरचा विश्वास तळाला गेलेला असताना, कायमचा निर्णय घेतला गेला.

जे उरलं आणि जे वाचलं

पाडल्यावर तिथं लगेच नवं काही उभं राहील, हा पाडण्याच्या बाजूचा मुख्य आधार होता. साडेनऊ एकरांची ती जागा त्यानंतर कित्येक वर्षं मोकळी राहिली. मे २०१० मध्ये हारवेल वारले. त्याच सुमारास टपाल वाटणाऱ्या एका चाहत्यानं आपल्या मित्रांना गोळा केलं आणि ते गवत कापायची यंत्रं घेऊन कुंपणाच्या आत शिरले. त्यांच्याकडे परवानगी नव्हती. पोलीस अधूनमधून बाहेर काढत, ते पुन्हा येत. कमरेएवढं तण काढून त्यांनी पिचरचा उंचवटा आणि बेसमधल्या मातीच्या वाटा पुन्हा आखल्या. नेव्हिन फील्ड ग्राउंड्स क्रू हे त्यांनी घेतलेलं नाव. दूरदूरचे लोक तिथं मुलांना घेऊन चेंडू फेकायला येऊ लागले, कुणी लग्न लावलं, कुणी वडिलांची रक्षा विखुरली. या माणसांनी दरवर्षी, स्वखर्चानं, त्या जागेचा वापर चालू ठेवला. शहरानं शेवटी ती जागा पोलीस अ‍ॅथलेटिक लीग या मुलांच्या क्रीडासंस्थेला दिली. २०१८ मध्ये तिथं छोटं मैदान उघडलं, होम प्लेट आपल्या मूळ जागी आली, १२५ फुटी ध्वजस्तंभ तिथंच उभा राहिला, आणि मैदानाला विली हॉर्टनचं नाव मिळालं. खऱ्या गवताऐवजी कृत्रिम गवत घातलं गेलं, याला ग्राउंड्स क्रूच्या लोकांनी शेवटपर्यंत विरोध नोंदवला. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते: तिथं मैदान उरलं, कारण मधली वर्षं कुणीतरी ते मैदान म्हणून वापरत होतं.

उरलेला स्टँड वाचणं अशक्य होतं का? त्या कोपऱ्यापासून थोड्याच अंतरावर मिशिगन सेंट्रल हे प्रचंड रेल्वे स्थानक १९८८ पासून बंद होतं. खिडक्या फुटलेल्या, आत पाणी साचलेलं. एप्रिल २००९ मध्ये नगर परिषदेनं तेही तातडीनं पाडण्याचा ठराव केला. तो अमलात आला नाही. २०१८ मध्ये फोर्ड कंपनीनं ते विकत घेतलं आणि २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं. २००९ मध्ये दोन्ही वास्तूंची गणती हाताबाहेर गेलेल्यांत होत होती. एक पाडायची राहून गेली, म्हणून ती आज आहे.

बोस्टनच्या फेनवे पार्कलाही १९९९ मध्ये मालकांनी निरोप द्यायचं ठरवलं होतं. शेजारीच नवं स्टेडियम बांधण्याची योजना जाहीर झाली होती. तिथंही नागरिकांनी विरोध केला, योजनेला पैसा मिळेना, आणि २००२ मध्ये आलेल्या नव्या मालकांनी जुनंच मैदान टप्प्याटप्प्यानं दुरुस्त केलं. उंच डाव्या भिंतीवर जागा काढल्या, मार्गिका रुंद केल्या, आणि २०१२ मध्ये फेनवेनं शंभरी साजरी केली. फरक एकाच ठिकाणी पडला. वाद चालू असताना फेनवेमध्ये सामने चालू होते. तिथल्या दारांना कुलूप लागलं नाही.

आणि डेट्रॉईटच्या पोटातच वसलेल्या हॅमट्रॅमिक या छोट्या गावात जे घडलं ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. १९३० मध्ये तिथं डेट्रॉईट स्टार्ससाठी स्टेडियम बांधलं गेलं. टर्की स्टर्न्स तिथं खेळला, सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन पाहुण्या संघांतून आले. १९९० च्या दशकात त्याचा स्टँड बंद पडला आणि लोक तो विसरूनही गेले. टायगर स्टेडियमच्या कॉन्झर्व्हन्सीत काम केलेले बेसबॉल इतिहासकार गॅरी जिलेट यांनी मग हे मैदान हाती घेतलं. २०१२ मध्ये त्याची राष्ट्रीय यादीत नोंद झाली, स्टँडची दुरुस्ती झाली आणि २०२२ मध्ये ते पुन्हा उघडलं. मैदानाला आता स्टर्न्सचं नाव आहे. ज्याला ब्रिग्ज यांच्या मैदानावर जागा नव्हती, त्याचं मैदान उभं आहे. त्या गावात आता बांगलादेशी आणि येमेनी वंशाची मोठी वस्ती आहे आणि बेसबॉलबरोबर तिथं क्रिकेटलाही जागा आहे. कोपऱ्यावरच्या पराभवात लोक जे शिकले, ते वाया गेलं नाही.

पाडायचं की राखायचं, हा प्रश्न जुन्या वास्तूंबाबत फार उशिरा विचारला जातो, म्हणून त्याचं उत्तर ठरलेलं असतं. तो शेवटच्या सामन्याच्या आधी विचारला पाहिजे, आणि तीन साध्या प्रश्नांत मोडून विचारला पाहिजे. कुलूप लागल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात इथं कोण येणार? छप्पर गळू नये एवढा पैसा कोणत्या खात्यातून येणार? आणि मालकाचं मन बदललं तर त्याला थांबवणारा स्थानिक कायदा आजच झाला आहे का? डेट्रॉईटच्या नागरिकांकडे प्रेम होतं, अभ्यास होता, चिकाटी होती. या तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची जबाबदारी शहराची होती आणि शहरानं ती १९९९ मध्ये टाळली. जिथं कुठं एखादं जुनं मैदान, नाट्यगृह किंवा गिरणी बंद होण्याच्या वाटेवर असेल, तिथल्या लोकांनी भावना जरूर सांगाव्यात. पण त्याबरोबर ही तीन उत्तरं लेखी मागावीत, आणि ती मिळेपर्यंत दाराला कुलूप लावू देऊ नये.